आधी पैसे की आधी चित्रं?

माझ्या चित्रांच्या पुस्तकासाठी वडाळ्याच्या प्रेसने पाठवलेला छपाईच्या खर्चाचा अंदाज एका पानात मावला होता. ९६ पानं, म्हणजे १६ पानांचे सहा फर्मे. चार रंग. आत १३० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप) मॅट आर्ट पेपर, कव्हर ३०० जीएसएमचं, वर लॅमिनेशन, सेक्शन शिलाई, म्हणजे फर्मे दोऱ्याने शिवून बांधणी. ५०० प्रती काढल्या तर एक प्रत २८० रुपयांना पडणार, हजार काढल्या तर १९० ला. ऑफसेटचं गणित असंच चालतं. प्लेट्स, मशीन लावणं, रंग जुळेपर्यंत वाया जाणारा कागद हा सगळा खर्च पहिली चांगली प्रत हातात येण्याआधीच होऊन गेलेला असतो. त्यानंतर फक्त कागद, शाई आणि बाइंडिंगचे पैसे वाढत जातात. म्हणून प्रेसवाले काका म्हणाले, "ताई, हजारच करा, स्वस्त पडेल." प्रत स्वस्त पडते हे खरं. पण मला एक लाख चाळीस हजारांच्या जागी एक लाख नव्वद हजार उभे करावे लागणार होते, आणि माझ्याकडे त्यातले थोडेच होते.

पुस्तक मुंबईतल्या हाताने रंगवलेल्या पाट्यांचं आहे. गिरगाव, लालबाग, परळ, दादर, थोडं माहीम. बरीच वर्षं मी या पाट्यांची चित्रं काढते आहे. फोटो काढून ठेवता आले असते, पण समोर बसून काढलं की पेंटरचा हात कळतो. लालबागमधल्या एका पिठाच्या गिरणीच्या पाटीवर 'येथे दळण दळून मिळेल' असं लिहिलेलं होतं. तांबड्या जमिनीवर पिवळी अक्षरं, उजवीकडून खाली काळी सावली. पहिले तीन शब्द ऐसपैस पसरलेले, आणि 'मिळेल' शी आल्यावर पत्रा संपत आलेला. मग त्या पेंटरने 'ळ' थोडा उभट केला, त्यावरची मात्रा मागे झुकवली आणि शेवटच्या 'ल' ची वेलांटीसारखी वळलेली शेपूट पाटीच्या चौकटीवर चढवली. चूक अशी झाकली होती की ती सजावट वाटावी. संगणकावरच्या फॉन्टला अशी अडचण येतच नाही, त्यामुळे अशी युक्तीही सुचत नाही.

या पाट्या झपाट्याने जात आहेत. फ्लेक्स आलं तेव्हापासून पेंटरचं काम कमी होत गेलं होतं, पण अलीकडे वेग वाढला. दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन मराठी पाटी सगळ्यांनाच बंधनकारक झाली, सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली, आणि ती २५ नोव्हेंबरला संपली. मराठी पाट्या लागल्या याचा मला आनंदच आहे. पण त्या निमित्ताने कितीतरी दुकानांनी दर्शनी भागच नवा करून घेतला, आणि आधीपासून मराठीत असलेल्या जुन्या रंगवलेल्या पाट्याही त्या झपाट्यात उतरल्या. गिरणीची ती पाटीही आता नाही. तेव्हा पुस्तक 'कधीतरी' करून चालणार नव्हतं.

मग सगळे म्हणाले, क्राउडफंडिंग कर, म्हणजे इंटरनेटवर आवाहन करून अनेकांकडून थोडे थोडे पैसे गोळा कर.

सल्ला वाईट नव्हता. मी नीट माहिती काढली. असे पैसे उभे करण्याचं किकस्टार्टर हे संकेतस्थळ २००९ मध्ये अमेरिकेत सुरू झालं. त्यांचा नियम सोपा आहे: ठरवलेली रक्कम मुदतीत जमली तरच पैसे मिळणार, नाही जमली तर देणाऱ्यांच्या खात्यातून एक पैसाही कापला जात नाही. जमली तर ते ५ टक्के घेतात आणि पैसे वळते करण्याचा खर्च वेगळा. भारतात राहून मात्र तिथे मोहीम उघडता येत नाही. आपल्याकडे मुंबईतलं विशबेरी खास कलाप्रकल्पांसाठी निघालं होतं. केटो मुंबईचंच, मिलाप बंगळुरूचं; पण या दोन्हींकडे लोक मुख्यत्वे येतात ते हॉस्पिटलच्या बिलांसाठी. मी एक संध्याकाळभर ती पानं बघत बसले. एका चिमुरड्याच्या यकृत प्रत्यारोपणाचं आवाहन आणि त्याच्या शेजारी माझं पाट्यांचं पुस्तक, हे चित्र मला काही केल्या मनात बसवता येईना. कलेला पैसे मागणं कमीपणाचं आहे असं मला वाटत नाही. पण मागण्याची रांग एकच असेल तर मी त्या रांगेत पुढे कशी घुसू?

कायद्याचाही एक भाग आहे. पैसे देणाऱ्याला तुम्ही पुस्तक, चित्र, आभार असं काहीतरी देऊ शकता; प्रकल्पातला हिस्सा देऊ शकत नाही. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०१४ मध्ये त्यावर चर्चापत्र काढलं होतं, पण सर्वसामान्य लोकांकडून असं भांडवल गोळा करायला परवानगी मिळालेली नाही. आणि नुसती भेट म्हणून पैसे आले, वर्षाला एकूण ५० हजारांच्या वर गेले, आणि देणारे नात्यातले नसले, तर ते उत्पन्नात धरले जातात. म्हणजे कोण काय म्हणून देतंय हे पहिल्या दिवसापासून लिहून ठेवायला हवं. असो, हा सीएचा प्रांत.

लोकवर्गणीतून कला उभी राहते याचा आपल्याकडचा सर्वांत देखणा दाखला म्हणजे श्याम बेनेगल यांचा 'मंथन'. १९७६ चा सिनेमा, पटकथा विजय तेंडुलकरांची. गुजरातमधल्या दूध सहकारी संघांच्या ५ लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये दिले आणि १० लाखांत सिनेमा झाला. प्रदर्शित झाला तेव्हा हेच शेतकरी ट्रकमध्ये बसून गावोगावहून आपला सिनेमा बघायला आले. मुंबईच्याच फिल्म हेरिटेज फाउंडेशनने त्याची प्रत पुन्हा नीट केली आणि २०२४ मध्ये ती कान महोत्सवात दाखवली गेली. क्राउडफंडिंगचा विषय निघाला की ही गोष्ट कुणीतरी सांगतंच. सांगताना एक भाग मात्र राहून जातो. ते ५ लाख लोक सिनेमासाठी गोळा झालेले नव्हते. ते आधीपासून सभासद होते, रोज सकाळ-संध्याकाळ आपापल्या गावच्या केंद्रावर दूध घालत होते, त्यांचा हिशेब संघाच्या वहीत होता. २ रुपये वळते करायला घरोघर जावं लागलं नाही. आणि सिनेमा त्यांच्याच कामाबद्दल होता.

उलट बाजूला डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी त्यांनी १९१६ मध्ये नागपूरला लिमिटेड कंपनी काढली, भाग विकले, आगाऊ वर्गणीदार मिळवले, त्यासाठी गावोगाव हिंडले. २३ खंड निघाले. ज्ञानकोश कुणाला हवा आहे याची यादी कुठेही तयार नव्हती. ती केतकरांनी चपला झिजवून केली. या कामाचा इतिहास त्यांनी स्वतः लिहिला आहे आणि त्यात विद्वत्तेइतकीच पैशांची ओढाताण आहे. मला तो माणूस थोर वाटतो, आणि त्याचबरोबर हेही दिसतं की वर्गणी गोळा करणं हे पूर्ण वेळचं दुसरं काम आहे. ज्ञानकोशाला ते करावंच लागलं असतं, कारण अर्धा ज्ञानकोश कुणी विकत घेत नाही.

माझी एक मैत्रीण माहितीपट करते. तिने तिच्या शेवटच्या माहितीपटासाठी असेच पैसे उभे केले, आणि ते योग्यच होतं. कॅमेऱ्याचं भाडं, ध्वनिमुद्रकाची फी, संकलकाचे महिने, सगळं आधी द्यावं लागतं. पाऊण माहितीपट कुणाला दाखवून तिकीट लावता येत नाही. तिला भरभरून मिळालं. पण ती सांगते की त्यानंतर दर महिन्याला काय झालं, काय नाही झालं ते सगळ्यांना लिहून कळवावं लागलं, आणि त्या पत्रांनी हळूहळू माहितीपटाला वळण लावलं. जे पत्रात छान दिसेल ते आधी चित्रित होऊ लागलं. एका माणसाची मुलाखत तिला शेवटी गाळायची होती, पण त्याच्याबद्दल आधीच दोनदा लिहून झालं होतं. ती मुलाखत राहिली. माझ्या मते ती नसती तर माहितीपट अधिक चांगला झाला असता, आणि हे मी तिलाही सांगितलं आहे.

माझ्यापुरता खरा प्रश्न पुढेच होता. मोहीम ज्यांनी केली ते सगळे एकच सांगतात: पहिल्या आठवड्यात ओळखीच्या लोकांकडून मोठा हिस्सा यायला हवा, म्हणजे मग अनोळखी लोक विश्वास ठेवतात. तेव्हा आधी यादी कर. मी यादी करायला बसले. शाळेचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, डोंबिवलीचे काका, पुण्याची आत्या, पूर्वीच्या ऑफिसातले लोक. आणि पार्ल्याची मावशी, जी पेन्शनवर राहते. मावशीच्या नावाशी आले आणि पेन थांबलं. मला पक्कं ठाऊक होतं की ती पाच हजार देईल. पुस्तकात तिला रस आहे का, तिच्या डोळ्यांना ते आता नीट दिसेल का, हे ती बघणार नाही. भाचीने मागितलं, म्हणून देईल. यादीतली निम्मी माणसं तशीच देणार होती. भीड भिकेची बहीण म्हणतात, आणि आपल्या लोकांत भीड फार आहे. समोरच्याला नाही म्हणणं आपल्याला जड जातं. माझी मोहीम चालणार ती लोकांच्या याच अडचणीवर.

वर्गणी आपल्याला नवी नाही. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो, आणि पावतीपुस्तक घेऊन दारात येणारी मुलं मुंबईत कुणाला माहीत नाहीत? तिथेही भीड असतेच. पण दहा दिवस मांडव आपल्याच दाराशी असतो, आरतीला आपण जातो, आवाज फार झाला तर भांडताही येतं. वर्गणी देणारा आणि उत्सव करणारा एकाच जिन्यावरून चढतात. माझ्या पुस्तकात पुण्याच्या आत्याला असं काय मिळणार होतं? शेवटच्या पानावर बारीक अक्षरात नाव.

मी म्हटलं, आधी चित्रं विकून बघू.

पार्ल्यात दिवाळीआधी प्रदर्शनं लागतात, तिथे मी आणि आणखी एका मैत्रिणीने मिळून एक टेबल घेतलं. तिच्या मातीच्या पणत्या, माझ्या पाट्यांच्या छापील प्रती. ए-फोर आकाराच्या, डिजिटल छापलेल्या, २५० रुपयांना एक. यूपीआयचा क्यूआर कोड पुठ्ठ्यावर चिकटवून उभा केला. गॅलरीत ठेवलं असतं तर किमतीचा मोठा वाटा त्यांना गेला असता, पुस्तकाच्या दुकानात ३० ते ४० टक्के कमिशन जातं. इथे टेबलाचं भाडं दिलं की बाकी सगळं आपलं. आणि बाकी सगळं म्हणजे पैसे थोडे, ऐकायला मात्र भरपूर.

एक काका आले. "हा फोटोच ना?" म्हणाले. मी म्हटलं, "नाही, काढलंय." त्यांनी गिरणीची प्रत उचलली, चश्मा कपाळावर चढवला आणि कागद डोळ्यांजवळ नेला. ती चौकटीवर चढलेली शेपूट त्यांना दिसली. "जागा संपली बघा बिचाऱ्याची," असं म्हणून ते मनापासून हसले. मग विचारलं, "ही गिरणी कुठली?" लालबागची म्हटल्यावर त्यांनी प्रत खाली ठेवली. "आमचं सगळं आयुष्य गिरगावात गेलं. गिरगावातलं काही आहे का?" गिरगावातली एका फरसाणवाल्याची पाटी होती, ती त्यांनी घेतली, आणि दुसरी बहिणीसाठी घेतली. लालबागची प्रत त्यांना आवडली होती, पण तिचे पैसे त्यांनी दिले नाहीत.

या एका नकाराने मला पुस्तकाची मांडणी दिली. माझा विचार होता की अक्षरांच्या वळणाप्रमाणे भाग पाडावेत: गोलसर वळणाची, टोकदार, सावलीची, उठावाची. चित्रकाराला तेच सुचतं. पण टेबलापाशी जो तो आपली वस्ती शोधत होता. अक्षर आवडायचं ते नंतर, आधी पत्ता. आता पुस्तक वस्तीवार आहे, आणि प्रत्येक वस्तीत अक्षरांची वळणं वेगळी दिसतात हे त्यामुळे माझ्याही पहिल्यांदा लक्षात आलं. मोहीम केली असती तर त्या काकांनी कदाचित पाचशे रुपये पाठवले असते आणि शुभेच्छा दिल्या असत्या. लालबागची प्रत खाली ठेवली नसती.

थेट विक्रीचंही एक ओझं असतं, आणि ते मला जाणवलं. टेबलावर प्रत्येक जण इराणी हॉटेल विचारतो. काळी-पिवळी टॅक्सी आहे का, डबल डेकर आहे का. जुन्या डबल डेकर बसगाड्या सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, तेव्हापासून तर फारच. मी त्या काढल्या तर हातोहात जातील. एक-दोन संध्याकाळी मी कागद पुढे घेऊन बसलेही होते. विकलं जातं म्हणून काढत राहिलं की हात त्याच वळणावर जातो, आणि मग गिरणीची पाटी काढायला कोण बसणार? राजा रवि वर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोहोचल्या. चित्रकाराने लोकांना थेट चित्र विकण्याचा हा मोठाच उद्योग होता. तरी छापखाना कर्जात गेला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि शेवटी जर्मन तंत्रज्ञ श्लायशर यांच्याकडे गेला. चित्र खपणं आणि धंदा टिकणं यांत बरंच अंतर आहे.

आणखी एक विषय माझ्या मनात सतत होता. मी विकते ती चित्रं माझी, पण अक्षरं दुसऱ्याची. परळला एक पेंटर आहेत, सत्तरीच्या पुढचे. त्यांच्या पाट्या मला लांबून ओळखू येतात, कारण त्यांचा 'श' बाकी सगळ्यांपेक्षा रुंद. मी त्यांना भेटायला गेले तेव्हा ते म्हणाले, "माझं नाव टाका हो, पैशाचं बघू." मी पैशाचंही बघितलं. त्यांच्या पाटीची एक प्रत विकली गेली की तिचा ठरलेला वाटा महिन्याअखेर त्यांना जातो. प्रत विकली, वाटा गेला, हिशेब त्यांनाही कळतो. एकरकमी जमलेल्या निधीतून मी त्यांना काय आणि कोणत्या हिशेबाने दिलं असतं? मानधन म्हणून काहीतरी दिलं असतं, आणि किती द्यायचं ते मीच ठरवलं असतं.

तर ठरलं ते असं. ९६ पानांचं पुस्तक एकदम काढायचं नाही. आधी गिरगावची पुस्तिका, दोन फर्मे, ३२ पानं, मधोमध पिन, ३०० प्रती. तिचा खर्च माझ्या बचतीतून निघतो आणि ती अडकली तरी घर चालतं. तिच्या पैशांतून लालबाग-परळ, त्यातून दादर. प्रती स्वतः विकायच्या, टपालाने स्वतः पाठवायच्या. ज्यांनी घेतली त्यांचे पत्ते एका वहीत. विकत घेताना ज्यांना नाही म्हणायची पूर्ण मोकळीक होती अशा माणसांची ही यादी असेल, आणि तीच माझी खरी यादी. मावशी तिच्यात येईल तर एक पुस्तिका घेऊन येईल, पाच हजार देऊन नाही.

तिन्ही पुस्तिका झाल्या की मोठ्या पुस्तकाची आगाऊ नोंदणी घ्यायची. मराठीत प्रकाशनपूर्व सवलतीची पद्धत जुनी आहे, वाचकाला ती समजावून सांगावी लागत नाही. मी फक्त माझ्यापुरत्या दोन अटी घातल्या आहेत. सगळी पानं पूर्ण होऊन फाइल प्रेसला जायला तयार असेल तेव्हाच नोंदणी उघडायची, म्हणजे पैसे येतील ते कागदासाठी आणि शाईसाठी. कुठलं चित्र ठेवायचं, कुठलं गाळायचं हे तोवर माझं माझ्याशी झालेलं असेल. आणि ते पैसे वेगळ्या खात्यात राहतील. सांगितलेल्या महिन्यात पुस्तक हातात पडलं नाही तर मागेल त्याला परत.

नोंदणी करणाऱ्यांची नावं पुस्तकात छापणार का, असं काही जणांनी आताच विचारलं आहे. आपलं नाव छापलेलं बघायला कुणाला आवडत नाही, आणि मला त्या लोकांबद्दल कृतज्ञता आहे. प्रत्येक प्रतीबरोबर मी हाताने लिहिलेली चिठ्ठी पाठवेन. शेवटचं पान मात्र पेंटरांसाठी ठेवलं आहे. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात पूर्वी ते बारीक सही करायचे, 'आर्टिस्ट' असं लिहून नाव, कधी गल्लीही. जिथे जिथे ती सही मला वाचता आली, ती तशीच्या तशी, त्याच वळणात काढून त्या पानावर येईल. काही सह्यांवर नंतर रंगाचा हात फिरला आहे, त्या कुणाच्या हे परळच्या पेंटरना विचारायला मी पुढच्या आठवड्यात जाते आहे.